परदेशातून येणारा पैसा आणि रुपयाचा भाव

(निमगाव केतकी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे डॉलर आणि रुपयावर आम्ही काय बोलणार, अशी शंका पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर आम्हाला आत्ताच दिसते आहे. शंका रास्त आहे. पण हा विषय जितका बँकेचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. मुलगा आईला पैसे पाठवतो. यात वाईट काय? काहीच नाही. पण असे लाखो मुलगे पैसे पाठवू लागले की त्याचा परिणाम ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही अशा माणसाच्या पदरात पडतो. कधी फायदा पडतो, कधी तोटा. हे कसं घडतं, एवढंच आज समजून घ्यायचं आहे.

एक घर डोळ्यांसमोर धरू. घर कल्पनेतलं आहे, पण तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. गाव हेच. वडिलांचा पानमळा होता. थोरला मुलगा दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. धाकट्याने द्राक्षबाग लावली, माल निर्यातीला जातो. आई घर सांभाळते. थोरला दरमहा दोन हजार दिरहाम पाठवतो. धाकट्याला हंगाम संपल्यावर व्यापाऱ्याची पट्टी मिळते.

आता हिशेब करू. दिरहाम डॉलरला बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहाम, हा भाव १९९७ पासून हललेला नाही. म्हणजे दोन हजार दिरहाम हे साधारण ५४५ डॉलर झाले. डॉलर ८४ रुपयांना असेल तर आईच्या खात्यात सुमारे ४५,७०० रुपये पडतात. डॉलर ८० वर आला तर सुमारे ४३,६००. थोरल्याचा घाम तेवढाच, आईच्या हातात दोन हजार कमी. धाकट्याचंही तसंच. त्याच्या मालाचे परदेशात दहा हजार डॉलर आले असं समजू. युरोपातले व्यवहार युरोत होतात, पण हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर धरू. ८४ च्या भावाने आठ लाख चाळीस हजार, ८० च्या भावाने आठ लाख. चाळीस हजारांचा फरक पडला. मजुरी, छाटणी, पॅकिंग यांचा खर्च मात्र रुपयांतच झालेला असतो, तो काही कमी होत नाही.

म्हणजे रुपया मजबूत झाला की हे दोघे भाऊ हळहळतात. मग आनंद कोणाला होतो? ज्याला डॉलर विकत घ्यायचा आहे त्याला. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरचं. खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरचा. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतंही बरीचशी बाहेरूनच येतात. म्हणजे आईच्या स्वयंपाकघराला आणि धाकट्याच्या खतांच्या बिलाला मजबूत रुपया बरा, आणि धाकट्याच्या पट्टीला कमजोर रुपया बरा. एकाच घरात, एवढंच काय एकाच माणसाच्या वहीत, दोन्ही नोंदी आहेत. रुपया चढला म्हणजे देश जिंकला आणि पडला म्हणजे देश हरला, असं टीव्हीवर म्हणतात. ते अर्धवट आहे, हे आधी लक्षात घ्या.

आता मुख्य प्रश्न. थोरला जो पैसा पाठवतो, त्याने रुपयाचा भाव कसा हलतो?

आपल्या गावाला पानांचा बाजार माहीत आहे, त्यामुळे हे सांगायला सोपं. बाजारात पान जास्त आलं की भाव उतरतो, कमी आलं की चढतो. डॉलरचाही बाजारच आहे. थोरल्यासारखी लाखो माणसं परकी चलन पाठवतात. ते बँकांकडे येतं, बँका ते बाजारात विकतात आणि रुपये घेतात. डॉलरची आवक वाढली की डॉलर स्वस्त होतो, म्हणजेच रुपया महाग होतो. ही झाली पहिली वाट. ती बँकेतल्या दराच्या फलकावर दिसते.

दुसरी वाट फलकावर दिसत नाही. तिच्यासाठी थोडं मागे जाऊ. कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था एके काळी मनिऑर्डरवर चालते असं म्हणत. बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत, बायकापोरं गावी, आणि महिन्याला पोस्टमन दारात. आता बघा, मुंबईचा रुपया आणि चिपळूणचा रुपया एकच. तिथे विनिमय दर नावाची गोष्टच नव्हती. मग त्या पैशाचा काही परिणाम झाला नसेल का? इथलंच उदाहरण घ्या. कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर जमा झालं की काय होतं? मोबाइल महागत नाही, कारण तो बाहेरून येतो आणि इंदापुरात तोच भाव, पुण्यात तोच भाव. पण गवंड्याची मजुरी वाढते. गुंठ्याचा भाव वाढतो. कारण गवंडी आणि जमीन कंटेनरात घालून बाहेरून आणता येत नाही. बाहेरून आलेला पैसा जिथल्या तिथे मिळणाऱ्या वस्तूंवर आणि कामांवर पडला की त्यांचे भाव चढतात.

अर्थशास्त्रात याला वास्तव विनिमय दर म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. आपल्या गावातल्या भावांची बाहेरच्या भावांशी तुलना केली तर आपण महाग झालो की स्वस्त, एवढंच तो सांगतो. हा दर दोन रीतींनी चढतो. एक तर रुपयाचा भाव वाढतो, नाही तर रुपया आहे तिथेच राहतो आणि आपल्याकडची मजुरी आणि जमीन महागते. बागायतदाराच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट सारखाच. माल काढायला खर्च जास्त आणि विकून हाती येणारं कमी.

शेजारचा नेपाळ बघा. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. परदेशातल्या नेपाळी माणसांनी पाठवलेला पैसा त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण पाव हिस्सा आहे. भाव बांधलेला असल्यामुळे फलकावरचा आकडा हलूच शकत नाही. मग पैसा दुसऱ्या वाटेने जातो, जमिनीत आणि आयातीत. गावातली तरणी माणसं बाहेर, शेतं पडीक आणि तांदूळ विकतचा, अशी तक्रार तिथले लोकच करतात.

या दुखण्याला एक नाव आहे, 'डच रोग'. हॉलंडमध्ये १९५९ साली ग्रोनिंगेन इथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू विकून परकी चलन आलं, त्यांचा गिल्डर महागला आणि तिथले जुने कारखाने परदेशी बाजारात टिकेनात. १९७७ साली 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने त्याला हे नाव दिलं. घरात लक्ष्मी आली आणि चूल विझली, असा प्रकार. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की वायूच्या जागी माणसांनी पाठवलेला पैसा ठेवला तरी हेच घडू शकतं. कातालिना आम्वेदो-दोरांतेस आणि सुसान पोझो या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या १३ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठवलेला पैसा दुप्पट झाला तर वास्तव विनिमय दर सुमारे २२ टक्क्यांनी चढतो, असं त्यांना आढळलं. त्यांनी शीर्षकात जो शब्द वापरला त्याचा अर्थ होतो 'दानाचा विरोधाभास'. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा शब्द भावला नाही तरच नवल.

कारण हा पैसा खरोखर दानासारखाच असतो. देशात डॉलर तीन तऱ्हांनी येतो. आपण काही विकलं म्हणून येतो. कोणी कर्ज दिलं, ठेव ठेवली, भांडवल गुंतवलं म्हणून येतो, पण तो कधीतरी परत जायचा असतो. आणि तिसरा हा, थोरल्याने आईला पाठवलेला. त्याच्या बदल्यात माल द्यायचा नाही, व्याज द्यायचं नाही, मुद्दल फेडायचं नाही. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने 'रिसर्जंट इंडिया बाँड' काढून परदेशस्थ भारतीयांकडून सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे केले. अडचणीत ते मोलाचे होते, पण ते कर्ज होतं, व्याजासह परत करावं लागलं. आईला पाठवलेला पैसा देशाला परत करावा लागत नाही. म्हणून सगळ्यात सुखाचा पैसा तोच, आणि म्हणूनच त्याचीही काही किंमत असते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढा पैसा देशात येतो तर रुपया चढत का नाही? १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३-८४. हा तर उतरतोच आहे!

प्रश्न बरोबर आहे. उत्तर देशाच्या आकारात आणि गरजेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये भारतात असा ११८.७ अब्ज डॉलर पैसा आला. जगात इतका पैसा दुसऱ्या कुठल्याच देशात येत नाही. तरी राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर तो तीन-साडेतीन टक्केच भरतो. नेपाळचा पाव हिस्सा कुठे आणि हे कुठे. शिवाय आपण जेवढा माल विकतो त्याहून कितीतरी जास्त विकत घेतो. त्या वर्षीची मालाच्या व्यापारातली तूट २४० अब्ज डॉलरच्या घरात होती. म्हणजे पाठवलेल्या पैशाने जवळपास निम्मी तूट भरून काढली. भारतात हा पैसा रुपयाला वर ढकलत नाही, खाली पडताना हात देतो. उतारावरच्या बैलगाडीला मागून दोर लावून धरावं तसा. गाडी उतरतेच, पण सुटत नाही.

हा दोर कोणाच्या हातात आहे? रिझर्व्ह बँकेच्या त्याच सर्वेक्षणात राज्यांमध्ये पहिला वाटा महाराष्ट्राचा आहे, २०.५ टक्के. केरळ दुसरा, १९.७ टक्के. देशांमध्ये अमेरिका पहिली, २७.७ टक्के, आणि संयुक्त अरब अमिराती दुसरी, १९.२ टक्के. पूर्वी आखाताचा हिस्सा मोठा होता, २०१६-१७ मध्ये अमिरातीच पहिल्या होत्या. आज पुण्याहून गेलेला संगणक अभियंता आणि श्रीवर्धन किंवा खेडहून गेलेला ड्रायव्हर, दोघेही तोच दोर धरून उभे आहेत. त्या दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत.

हा दोर सुटला तर काय होतं, ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला. तिथल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावं लागलं. एका बाजूला त्या घरांना येणारा पैसा थांबला. दुसऱ्या बाजूला तेल महागलं. परदेशस्थ भारतीयांनी ठेवीही काढून न्यायला सुरुवात केली. ठेवी आणि पाठवलेला पैसा यांतला फरक त्या वेळी कळला. देशाची तिजोरी आधीच अशक्त होती, १९९१ च्या उन्हाळ्यात ती जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर २१ वरून २६ च्या जवळ गेला. संकटाची कारणं पुष्कळ होती. सगळा दोष कुवेतवर टाकणं चुकीचं ठरेल. पण आखातातल्या मजुराचा पैसा देशाच्या किती उपयोगाचा होता, हे तो थांबल्यावर कळलं.

आणि हे नातं एकतर्फी नाही. पैशामुळे दर हलतो, तसा दरामुळे पैसाही आपली वाट बदलतो. जुन्या काळात रुपयाचा सरकारी भाव कृत्रिम होता. बँकेतून पाठवलं तर कमी रुपये, हवालावाल्याकडून पाठवलं तर जास्त. माणूस काय करणार? हवाला आणि सोन्याची तस्करी यांचं मूळ इथेच होतं. मार्च १९९३ पासून भाव बाजारावर सोपवला गेला. दोन्ही भावांतलं अंतर मिटत गेलं तसा पैसा बँकांच्या दारातून येऊ लागला. १९९०-९१ मध्ये असा पैसा सुमारे दोन अब्ज डॉलर होता, त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो दहा अब्जांच्या पुढे गेला. माणसं एवढ्यात सहापट झाली नव्हती. चोरवाटेने येणारा पैसा राजरोस रस्त्याला लागला, हेही त्यामागचं एक मोठं कारण.

आणखी एक जुनी गंमत. आखातात एके काळी आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या तस्करीमुळे आपली परकी गंगाजळी गळायला लागली म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला. मग ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला, आणि आखातातल्या बाकीच्या राज्यांनीही आपला रुपया सोडायला सुरुवात केली. ज्या दुबईचा दिरहाम आज आपण मोजतो, तिथले लोक साठ वर्षांपूर्वी आपला रुपया मोजत होते. भाव हा निसर्गाने दिलेला नसतो, इतिहास तो घडवतो आणि मोडतो.

मग रिझर्व्ह बँक काय करते? डॉलरची आवक फार झाली की ती बाजारातून डॉलर विकत घेऊन साठवते, म्हणजे रुपया फार चढत नाही. टंचाई झाली की साठ्यातला डॉलर विकते, म्हणजे रुपया फार पडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हा साठा ७०० अब्ज डॉलरच्या वर गेला होता. पण डॉलर घेताना तिला रुपये सोडावे लागतात. ते बाजारात तसेच राहिले तर महागाई. म्हणून रोखे विकून ते परत गोळा करावे लागतात आणि त्यालाही व्याजाचा खर्च आहे. धाकट्याची पट्टी थोडी सावरते, पण तो सावरण्याचा खर्चही शेवटी आपल्या सगळ्यांच्याच खात्यातून जातो.

आता आपण त्या घरात परत येऊ.

थोरल्याने देशाचा विचार करून पैसे पाठवले नव्हते. त्याने आईच्या गुडघ्यांचा विचार केला. लाखो आयांच्या गुडघ्यांमुळे रुपया सावरला, डिझेल आणि तेल थोडं आवाक्यात राहिलं. हे पुण्य कोणाचं? आणि त्याच सावरलेल्या रुपयाने धाकट्याच्या पट्टीतून काही हजार गेले. त्याच पैशाने गावात बंगले उठले, मजुरी चढली, छाटणीला माणूस मिळेना. हे पाप कोणाचं? आम्हाला विचाराल तर कोणाचंच नाही. जिथे हेतू एकाचा आणि परिणाम लाखोंचा मिळून होतो, तिथे दोष वाटत बसण्यात अर्थ नसतो. पण दोष नाही म्हणून जबाबदारीही नाही, असं मात्र नाही.

कारण धोका पुढे आहे. द्राक्षबागेला तोटा येण्याची कारणं बरीच असतात. अवकाळी पाऊस, रोग, व्यापारी आणि शेवटी रुपयाचा भाव. दोन हंगाम तोट्यात गेले की धाकटा म्हणतो, दादा, माझाही पासपोर्ट काढ. मंडळी, डच रोग पुस्तकात वाचायला नको, तो या एका वाक्यात आहे. जिथे गावाचा माल जात होता, तिथे आता गावाचा माणूस जातो. मग घरात पैसा दुप्पट येतो, आणि देशाच्या हिशेबात रुपयाला आणखी एक दोर मिळतो. फक्त बाग उरत नाही.

तेव्हा खरा प्रश्न रुपया ८० असावा की ८४, हा नाही. तो तुमच्या-आमच्या हातात नाहीच. आलेला पैसा कशावर पडतो, एवढं मात्र हातात आहे. तो सगळाच्या सगळा गुंठ्यावर आणि स्लॅबवर पडला तर गाव महाग होतं आणि बाग बसते. त्यातला काही भाग ठिबकवर, शीतगृहावर, बेदाण्याच्या शेडवर, मुलीच्या शिक्षणावर पडला तर तेवढ्याच खर्चात जास्त आणि चांगला माल निघतो. भाव चार रुपयांनी हलला तरी धाकटा उभा राहतो. ज्या देशांनी या पैशातून उत्पादनाची ताकद वाढवली, त्यांना तो पचला. ज्यांनी नुसता खर्च केला, त्यांना आणखी माणसं पाठवावी लागली.

थोरल्याला आमचा निरोप एवढाच. आईला पाठवतोस ते पाठव, त्यात कसूर नको. पण वर्षातून एकदा धाकट्याच्या पट्टीकडेही बघ. ती पट्टी आणि तुझी दुबईची पावती एकाच वहीत लिहायची असते. घराचीही वही तीच आणि देशाचीही तीच.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी माता-भगिनींचे. घरातला रुपयाचा खरा भाव त्यांनाच माहीत असतो.